खुलासा : टिनटिनच्या ‘त्या’ पुस्तकावर बंदी आलेली नाही

‘टिनटिन इन द काँगो’ या कॉमिक्सवर (बेल्जियन चित्रकार एर्जेच्या टिनटिन या तरुण पत्रकार नायकाचं पुस्तक) बेल्जियमच्या कोर्टाने बंदी घातली, असं परवा मीच टाकलं होतं. ते चूक आहे. आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलला, माफ करा.

झालं होतं ते असं : ब्रसेल्समध्ये राहणाऱ्या काँगोच्या एका विद्यार्थ्याने २००७ साली हे पुस्तक वंशद्वेषी आहे, अशी तक्रार केली. कोर्टाने ती फेब्रुवारी २०१२ मध्ये फेटाळली. वंशद्वेष पसरवण्याचा हेतू दिसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. अपिलातही तेच.

पण म्हणून ‘त्या पुस्तकात वावगं काही नाहीच’ हा उलटा मेसेजही खरा धरू नका. पुस्तक उघडून बघा. काँगोची माणसं जाड ओठांची, एकाच साच्यातून काढलेली. शेवटी गावकरी टिनटिनच्या आणि त्याच्या कुत्र्याच्या (हो, कुत्र्याच्याही) मूर्तीपुढे वाकलेले. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती; १९३१ च्या पुस्तकात टिनटिन तिथल्या वर्गातल्या मुलांना ‘तुमचा देश, बेल्जियम’ शिकवतो. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जेने तिथे बेरीज घातली. चेहरे मात्र तसेच ठेवले.

जुनी पोस्ट मी काढली आहे. कुणी पुढे पाठवली असेल तर कृपया आता थांबवा आणि तिथे हा खुलासा टाका.