‘चर्चच्या शाळे’बद्दलचा तो मेसेज आणि जनरल रजिस्टर

गेल्या पंधरवड्यात सोलापुरातल्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच मेसेज आला. चर्चच्या शाळा इंग्रजांनी काढल्या, परदेशी पैशावर वाढवल्या, त्या धर्मांतरासाठी चालतात, अल्पसंख्याक म्हणवून आरटीई (शिक्षण हक्क कायदा) चुकवतात आणि पोरांची मराठी मारतात, असे पाच दावे त्यात आहेत. मी ख्रिस्ती नाही. पण चर्चच्या आवारातल्या अशाच एका प्राथमिक शाळेत मी २७ वर्षं शिकवलं. माझ्याच हाताखालून गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तो मेसेज पुढे ढकललेला पाहिला आणि मन दुखावलं. म्हणून लिहायला बसले.

इंग्रजांची गोष्ट आधी. सोलापूर कॅथलिक चर्चच्या पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, येतं. हा धर्मप्रांत १८८६ सालचा. मुंबई-पुण्याकडचं हे काम तेव्हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या जर्मन फादरांकडे होतं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रज सरकारने याच फादरांना शत्रुराष्ट्राची माणसं ठरवून नजरकैदेत टाकलं आणि पुढे देशाबाहेर काढलं. ज्यांना इंग्रजांनी असं वागवलं, त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणायचं कसं? पुण्याला पहिले भारतीय बिशप मिळाले ते १९४९ साली. मेसेज लिहिणाऱ्याने ‘मिशन’ या एका शब्दाखाली अमेरिकन मराठी मिशनही यात ओवलं आहे. ते प्रॉटेस्टंट, त्याचं सोलापुरातलं काम जुनं आणि मोठं, पण कॅथलिक शाळांशी त्याचा संबंध नाही.

आता पैसा. इथे मला जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण शाळा वाढते कशी हे लोकांना ठाऊक नसतं. एका चर्चभोवतीच्या कॅथलिक कुटुंबांचा मिळून धर्मग्राम होतो आणि त्याची शाळा बहुधा एका हॉलपासून सुरू होते. आमच्याकडेही तसंच होतं. शनिवारी शाळा सुटली की आम्ही तिघी टीचर आणि वॉचमन मिळून बाकं भिंतीला लावायचो, फळा उलटा करून ठेवायचो. रविवारी तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, व्हायची. सोमवारी सकाळी हॉलला मेणबत्त्यांचा वास असायचा आणि पहिला तास बाकं ओढण्यातच जायचा. मग एक खोली झाली, दुसरी झाली. पहिलीचा वर्ग दुसरीत गेला, दुसरीचा तिसरीत. शिक्षण खात्याच्या भाषेत नैसर्गिक वाढ. पटसंख्या वाढली की तुकडी, तुकडी वाढली की आणखी एक शिक्षक. खोल्यांसाठी फादरांनी वर्गणी काढली, फनफेअर भरवला. स्टॉलवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला आमची मुलंच उभी होती.

अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार राज्य सरकार देतं, इतर कुठल्याही खाजगी अनुदानित शाळेसारखेच. विनाअनुदानित शाळा फीवर चालते. परदेशातून देणगी घ्यायची तर केंद्राची नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावी लागते. शिकवणाऱ्या सिस्टरांचा पगार त्यांच्या धर्मसंघाकडे जातो, स्वतःसाठी त्या काही ठेवत नाहीत. तरीही त्या पगारातून करकपात झालीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

धर्मांतराच्या दाव्याला माझं उत्तर म्हणजे आमचं जनरल रजिस्टर, शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं. मी ते वर्षानुवर्षं स्वतः भरलं. आडनावांच्या रकान्यात येमुल, गड्डम, बिराजदार, शेख, माने, मध्येच एखादा फर्नांडिस. मातृभाषेच्या रकान्यात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी. चाळीसच्या वर्गात दोन-तीन मुलं ख्रिस्ती. चौथीनंतर दाखला लिहिताना धर्माचा रकाना पहिलीत होता तसाच उतरवला, एकदाही बदलावा लागला नाही. आणि राज्याचा आकडा पाहा: महाराष्ट्रात ख्रिस्ती २००१च्या जनगणनेत सुमारे १.१ टक्के होते, २०११ला ०.९६ टक्के. शाळा धर्मांतराचे कारखाने असत्या, तर हा आकडा घटला असता का? सकाळी प्रार्थना होत होती, हे खरं आहे. पण ख्रिस्ती धर्मशिक्षण फक्त ख्रिस्ती मुलांना होतं. बाकीची मुलं त्या तासाला मूल्यशिक्षणाला माझ्याकडे बसायची. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे घटनेच्या २८व्या कलमातच आहे. गड्ड्याच्या जत्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर आपल्या अधिकारातली सुट्टी देत, कारण अर्धी शाळा सिद्धेश्वराच्या देवळाकडेच असायची.

आरटीईचं म्हणाल, तर कोणी पळ काढलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, घटनेच्या ३०व्या कलमामुळे. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. माझ्या मते या कायद्यातल्या गरीब, वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा या शाळांनी आपणहून द्याव्यात. पण मेसेज पाठवणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या तेलुगू भाषक पद्मशाली बांधवांना एक सांगते. ते कलम फक्त धर्माचं नाही, भाषेचंही आहे. अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार ठरतं, असं २००२च्या अकरा न्यायमूर्तींच्या निकालात आहे. त्यामुळे महाराष्ट्रात तेलुगू भाषकांची संस्था, कन्नड भाषकांची संस्था, गुजराती भाषकांची संस्था यांनाही तेच संरक्षण आहे. सोलापुरात अशा शाळांत किती जणांची मुलं शिकतात, हे आपल्याला घरबसल्या माहीत आहे.

मराठीच्या दाव्यात मात्र तथ्य आहे. माझ्या स्वतःच्या मुलीला एका इंग्रजी शाळेत, ती चर्चची नव्हती, मैदानावर मराठी बोलली म्हणून एक रुपया दंड झाला होता. रात्री ती मला विचारत होती, ‘आई, घरी बोललं तर चालतं ना?’ चर्चच्या काही शाळांतही असे दंड झाले आहेत आणि ते चुकीचेच आहेत. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. जिथे ती टाळली जाते तिथे पालकांनी लेखी तक्रार द्यावी, मी सोबत येते. पण हा रोग इंग्रजी माध्यमाचा आहे, चर्चचा नाही. २०२० सालीच, इथून तासा-दीड तासावरच्या धाराशिवला, मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एक कॅथलिक धर्मगुरू होते, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो.