पितांबरी नको, मऊ ब्रश द्या

संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांना वस्तू जपण्याचं प्रशिक्षण द्या, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण फक्त अधिकाऱ्यांना शिकवून भागणार नाही. वस्तूंना रोज हात लागतो तो झाडपूस करणाऱ्याचा. एका ठिकाणी (नाव घेत नाही) जुनी पितळी मूर्ती पितांबरीनं घासताना मी पाहिलीय. देवघरात ठीक आहे हो, पण ताम्रपटावर हाच प्रयोग केला तर अक्षरंच झिजतील.

त्यात आपलं नागपूर! मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, म्हणून दालनात कुलर. दिवसभर ओली हवा, रात्री कुलर बंद की पुन्हा कोरडं. या चढउतारानंच लाकूड तडकतं, कागद वाकतो.

१८६३ सालच्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, पेंढा भरलेले प्राणीही आहेत. अशा कातडीला पूर्वी सर्रास आर्सेनिक हे विष लावत. उघड्या हातानं धूळ झटकणाऱ्याला हे कुणी सांगायला नको का?

लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळेत असं प्रशिक्षण मिळतं. माणसं पाठवा, फक्त शिकून आल्यावर त्यांची लगेच दुसऱ्या खात्यात बदली करू नका.