सोरोरिटी म्हणे सैतानी पंथ!

मावशीने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, “पोरीला सांग, अमेरिकेत असल्या बायकांच्या वाऱ्याला उभं राहू नकोस.” फॉरवर्डमध्ये कमला हॅरिसचा फोटो आणि दावा असा की त्यांची अल्फा काप्पा अल्फा ही सोरोरिटी (अमेरिकेतल्या कॉलेजांतली मुलींची संघटना) म्हणजे सैतान पूजणारी गुप्त टोळी, गळ्यातले २० मोती म्हणजे २० शपथा, वर केलेली करंगळी ही खूण, बाकी वर्षभर नुसत्या पार्ट्या, आणि कॉलेज संपलं की विसरतात. अरे, पुढे ढकलण्याआधी एकदा सर्च तरी करा!

मोत्यांचा हिशोब सोपाय. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ९ कृष्णवर्णीय मुलींनी ही संस्था काढली, त्याच वर्षी आणखी ७ आल्या, १९१३ मध्ये ती रीतसर रजिस्टर करणाऱ्या ४. झाल्या २० संस्थापक, तेवढेच मोती. करंगळी ही फोटोतली त्यांची ओळख. आपल्या शाळेत करंगळी वर केली की बाई बाहेर सोडायच्या, सैतान कधी आला नाही.

डोकं फिरलं ते ‘नुसत्या पार्ट्या’ वाचून. १९३५ ते १९४२ दर उन्हाळ्यात काही आठवडे याच बायका अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात जाऊन गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांसाठी फुकट दवाखाना चालवत होत्या, डॉ. डोरोथी फेरबी प्रमुख. रेल्वेची तिकिटं द्यायला नकार मिळाला तर स्वतःच्या गाड्या काढून गेल्या, मळेवाले मजुरांना दवाखान्यात सोडेनात तर त्याच गाड्या मळ्यात नेऊन पोरांना घटसर्प आणि देवीच्या लसी टोचल्या. मळ्याचे मुकादम कमरेला बंदूक लावून जवळ उभे राहायचे आणि बायका काय बोलतात ते ऐकायचे, हे फेरबीबाईंनीच सांगून ठेवलंय. आणि आपण इथे सोफ्यावर बसून त्यांना पार्टीवाल्या म्हणायचं.

‘कॉलेज संपलं की विसरतात’ हेही खोटं, मेंबरशिप आयुष्यभराची असते, नासाच्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सनही यातल्याच.

आता एक मान्य करावं लागेल, नाइलाजाने. प्रवेशाचा विधी खरंच गुप्त असतो, आणि त्याच्या नावाखाली अशा संघटनांमध्ये रॅगिंग झालंय, जीवही गेलेत. १९९० मध्ये कृष्णवर्णीयांच्या सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटींनी (मुलांच्या तशाच संघटना) मिळून प्रवेशाची जुनी पद्धत बंद केली, तरी चोरून चालतंच, कोर्टात केसेस झाल्यात. काळजी करायचीच तर याची करा. ‘रात्री ये, कुणाला सांगू नकोस’ म्हणणारी सीनियर भेटली तर जायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात कळवायचं.