मायचा अडकित्ता आणि लेण्यांची सुरक्षा

डोकं सणकलंय म्हणून लिहितोय. लांबलंय, वाचायचं तर वाचा.

आज मायला लेणी दाखवायला नेलं. (कुठली ते लिहीत नाही, गेटवरच्या पोराची नोकरी जायची.) तिच्या चंचीतून अडकित्ता निघाला. "मावशी, हे आत चालत नाही. सुरक्षा आहे." माय म्हणाली, "सुपारी कातरायचीय रे लेकरा, देव नाही कातरायचे." मागची रांग हसली. अडकित्ता टेबलावर ठेवून घेतला. पावती नाही, टोकन नाही. परत आलो तर अडकित्ता गायब. पितळी होता, मोराचा, तिच्या सासूचा.

तपासणी नकोच असं नाही. 2006 साली चांदवड-मनमाड रस्त्यावर आरडीएक्स आणि एके-47 पकडल्या, म्हणजे आपल्या दारातच. 2013 ला बोधगयेत स्फोट झाले. करा की तपासणी! पण अफगाणिस्तानातल्या बामियानचे बुद्धाचे पुतळे 2001 मध्ये कुणी चंचीतून काही नेऊन पाडले नव्हते. तिथं तालिबानचंच राज्य होतं. तोफा डागल्या, मग सुरुंग लावले.

आणि हे अतिरेकी नुसतं फोडत नाहीत, विकतातही. आयसिसनं सीरियातल्या पालमिराची जुनी देवळं जगाला दाखवून उडवली आणि दुसरीकडं उकरलेल्या मूर्ती-नाण्यांवर पैसा केला. 2015 मध्ये सुरक्षा परिषदेला इराक-सीरियातून चोरलेल्या अशा मालाच्या व्यापारावर बंदी घालावी लागली. असा माल कुठं सापडला, तर तो आपलाच हे दाखवायला फोटो लागतो, मापं लागतात.

आता सांगा, तुमच्या गावातल्या मूर्तींचा फोटो आहे? बारवेत पडलेला वीरगळ, हेमाडपंथी देवळामागं टेकवलेला विष्णू, ज्याला शेंदूर फासून आपण मारुती करून टाकलाय? 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, नोंदणीची सोय आहे, मान्य. पण रात्री टेम्पो लागला तर ठाण्यात काय सांगणार? "काळा होता, एवढा होता"? आज गेटवर मला विचारलं, "कसा होता अडकित्ता?" आणि मी हातानं माप दाखवत उभा. मायच्या त्या अडकित्त्याचाही एक फोटो नाही घरात.

पालमिराचे खालिद अल-असद आठवतात. 1963 ते 2003 तिथलं पुरातत्त्व खातं सांभाळलं. ऐंशी ओलांडलेला म्हातारा. वस्तू कुठं लपवल्यात ते सांगितलं नाही, ऑगस्ट 2015 मध्ये मारलं त्यांना. हे लिहिताना गेटवरच्या पोरावरचा राग उतरला बघा. कंत्राटी असणार, त्याला तरी कुणी काय शिकवलंय?

रविवारी गावाकडं चाललोय, टेप आणि कॅमेरा घेऊन. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो, उंची, रुंदी. कुठं टवका उडालाय ते आधी लिहायचं, कारण मूर्ती सारख्या दिसतात, टवके सारखे नसतात. शेंदूर खरवडायचा नाही, पुजाऱ्याला विचारूनच हात लावायचा. फोटो इथं टाकायचे नाहीत, चोराला आयता पत्ता मिळतो. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलला. यायचंय त्यांनी इनबॉक्सात गावाचं नाव कळवा. डबा आपापला.