पहिला पिक, भरलेली तिजोरी, नवा कोच: फुटीच्या फॉरवर्डला उत्तर

सप्टेंबर लागला की मेलबर्नमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर बाप्पांच्या फोटोंमागोमाग एक फॉरवर्ड हजर होतो. कुणी लिहिलाय देव जाणे, पण दरवर्षी नव्या जोमाने फिरतो. मजकूर थोडक्यात असा: फुटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, चार गोष्टी कळल्या की सगळं कळलं. ज्या क्लबकडे पैसा आणि मेंबर जास्त, तो जिंकतो. पैसा नसेल तर मुद्दाम तळाला जायचं, ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातला, पहिला पोरगा उचलायचा, चार-पाच वर्षांत कप घरी. तरी जमलं नाही तर कोच बदलायचा. आणि उरलेलं लीगच्या, म्हणजे स्पर्धा चालवणाऱ्यांच्या, ऑफिसात ठरतं.

इथे नव्याने आलेल्यांना हे लगेच पटतं. मलाही पहिली दोन वर्षं पटलं होतं. मग मी सामने बघायला लागले.

आधी पैसा. आयपीएलसारखे इथे मालक नाहीत. बहुतेक क्लब मेंबरांचे आहेत, तेच मतं देऊन बोर्ड निवडतात. खेळाडूंच्या पगाराला सगळ्यांना एकच सॅलरी कॅप, आणि तिच्यातले किमान ९५ टक्के खर्च करावेच लागतात. म्हणजे श्रीमंताला हात सैल सोडता येत नाही आणि गरिबाला आखडता घेता येत नाही. कोच, फिजिओ, विश्लेषक यांच्या खर्चालाही वेसण आहे, आणि कोविडनंतर ती आणखी आवळली.

कॉलिंगवुड क्लबाइतका मेंबरांचा गोतावळा दुसऱ्या कुणाचा नाही. पण १९५८ चा कप जिंकल्यावर पुढचा मिळायला १९९० उजाडलं. मधल्या काळात आठ ग्रँड फायनल, म्हणजे कपाचे शेवटचे सामने, हरले. १९७० ची तर ऐकण्यासारखी आहे: एमसीजीवर १,२१,६९६ माणसं, मध्यंतराला कॉलिंगवुड ४४ गुणांनी पुढे, आणि शेवटी कार्लटनकडून १० गुणांनी हार. मेंबर मोजून कप मिळत असता तर त्या दिवशी दुसरा अर्धा भाग खेळवायचीच गरज नव्हती. पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सची तिजोरी लीगमधल्या सर्वांत भरलेल्या तिजोऱ्यांपैकी एक. २०२५ च्या मोसमात त्यांनी २३ सामन्यांत एक जिंकला. एक! आणि एसेन्डन? नावावर १६ कप, प्रेक्षक अफाट, पण २००४ नंतर फायनल्समधला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधला, एकही सामना जिंकलेला नाही. मधे सप्लिमेंट, म्हणजे उत्तेजकांच्या, प्रकरणात आजी-माजी मिळून ३४ खेळाडू २०१६ चा अख्खा मोसम बंदीत बसले, तो भाग वेगळा.

उलट बाजूला वेस्टर्न बुलडॉग्ज. १९८९ मध्ये हा क्लब, तेव्हाचा फुट्सक्रे, फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं जवळपास ठरलं होतं. चाहत्यांनी डबे घेऊन रस्त्यावर पैसे गोळा केले आणि क्लब वाचवला. त्याच क्लबाने २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावरून फायनल्स गाठून चार सामने ओळीने जिंकले आणि ६२ वर्षांनी कप आणला.

फॉरवर्डवाल्याचं एवढं मात्र खरं की अगदीच कंगाल झालं तर क्लब टिकत नाही. आठ कप नावावर असलेला फिट्झरॉय १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या क्लबात विरघळला. पण तगण्यापुरतं असणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. पैशाच्या जोरावर नियमाला बगल द्यायला गेलेल्या कार्लटनचं काय झालं ते बघा. २००२ मध्ये कॅप मोडताना पकडले गेले. ९ लाख ३० हजार डॉलर दंड, ड्राफ्टमधले वरचे पिक, म्हणजे निवडीचे क्रमांक, जप्त, आणि त्याच वर्षी क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा लाकडी चमचा. (तळाला राहणाऱ्याला इथे गमतीने लाकडी चमचा देतात. चमचा प्रत्यक्षात कुणी देत नाही, बोलणी मात्र भरपूर मिळतात.)

आता दुसरा दावा, माझ्या मते सगळ्यांत खुळा: तळाला जा, हिरा उचला. ड्राफ्टमध्ये शेवटचा क्लब पहिली निवड करतो, हे बरोबर. म्हणून कार्लटनचाच हिशेब मांडू. २००५ मध्ये पहिला पिक मार्क मर्फी. २००६ ला पुन्हा पहिला, ब्राइस गिब्स. २००७ ला पुन्हा, मॅथ्यू क्रूझर. त्या वर्षी शेवटच्या फेरीत कार्लटन आणि मेलबर्न समोरासमोर आले. हरणाऱ्याला क्रूझर मिळेल अशी चर्चा होती, म्हणून लोकांनी सामन्याचं नावच ‘क्रूझर कप’ ठेवलं. कार्लटन हरला. मग २०१५ ला जेकब वाइटरिंग, २०१८ ला सॅम वॉल्श. पाच वेळा देशातला पहिला पोरगा यांच्या घरी आला, आणि पाचही जण चांगले निघाले, कुणी टाकाऊ नव्हता. तरी १९९९ नंतर कार्लटनने ग्रँड फायनलचं तोंड पाहिलेलं नाही.

मेलबर्न क्लबची गोष्ट मला जास्त आवडते. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्याकडे पहिले दोन्ही पिक होते: टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. त्या मोसमात मुद्दाम हरल्याचा संशय एवढा दाट होता की पुढे चौकशी झाली. मुद्दाम हरल्याचा ठपका आला नाही, पण ५ लाख डॉलरचा दंड बसला. स्कली दोन वर्षांत सिडनीच्या नव्या क्लबाकडे गेला. ट्रेंगोव्हला कोवळ्या वयातच कप्तान केलं, त्याचं काही फार बरं झालं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये मेलबर्नने ३४ व्या क्रमांकाला एक उंच, लुकडा मुलगा घेतला होता, मॅक्स गॉन. २०२१ मध्ये, ५७ वर्षांच्या खंडानंतर, मेलबर्नचा कप्तान म्हणून कप त्याने उचलला.

वरचे पिक कुचकामी असतात असं माझं म्हणणं नाही. हॉथॉर्नचा ल्यूक हॉज पहिला पिक होता आणि त्याने चार कप जिंकले. पण त्याच्या शेजारी सॅम मिचेल होता, ३६ वा. बी कुठलं आणलं याच्याइतकंच ते कुठल्या वाफ्यात पडलं हेही बघावं लागतं.

वाफा कसा असतो ते बघायचं तर जिलाँगला जावं. एका हिवाळ्यात मी साउथ जिलाँगला उतरून, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मफलरींच्या गर्दीत चालत कार्डिनिया पार्कला गेले. शेजारी सत्तरीच्या एक बाई, मांडीवर थर्मास, हातात ‘फुटी रेकॉर्ड’ ही सामन्याची पुस्तिका आणि पेन्सिल. खेळाडूंच्या नावांपुढे खुणा करत होत्या. मला वाटलं गोल मोजताहेत. पण जिलाँगने गोल केला, सगळं स्टेडियम उठलं, आणि बाईंची पेन्सिल हललीच नाही. थोड्या वेळाने एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या बुटावरून सुटणाऱ्या चेंडूवर अंग टाकून तो हातांनी दाबला. टक्. एक खूण. कुणी सोबत्यासाठी मधे उभं राहून वाट मोकळी करून दिली. टक्. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, वन पर्सेंटर, म्हणजे अशी बारीकसारीक कामं. गोल तर फळ्यावर दिसतातच, हे कुणीतरी लिहायला नको?

हे शहर मेलबर्नच्या मानाने चिमुकलं. पण २००७ ते २०२५ या १९ मोसमांत जिलाँग फक्त दोनदा फायनल्सला मुकला. चार कप. आणि तळाला जाऊन पहिला पिक आणणं वगैरे काही नाही. टॉम स्ट्युअर्ट त्यांनी घेतला तो ४० व्या पिकला, वय २३, गावातल्या स्थानिक क्लबातून वर आलेला. टायसन स्टेंगलला ॲडलेडने सोडून दिलं होतं. जिलाँगने त्याला घरात घेतलं, आणि २०२२ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने चार गोल मारले. त्या दिवशी सिडनी ८१ गुणांनी हरली.

यावरून तिसऱ्या मुद्द्याकडे: कोच बदला. २००० पासून २०२५ पर्यंत जिलाँगला दोन कोच झाले, मार्क थॉम्पसन आणि ख्रिस स्कॉट. कार्लटनला २००१ पासून सात. त्यांतला डेनिस पेगन दोन कप जिंकून आलेला, मिक मॉल्टहाउस तीन. मोठी नावं आणली, पण घर होतं तसंच राहिलं.

२००६ मध्ये जिलाँग दहावा आला. थॉम्पसनला काढा म्हणून ओरड झाली. बोर्डाने क्लबाची झडती घेतली आणि कोच ठेवला. भोवतालची मांडणी बदलली. फुटबॉल विभागाचा कारभार बघायला नील बाम आला. पुढच्याच वर्षी ४४ वर्षांनी कप, तोही ११९ गुणांनी, जो आजही ग्रँड फायनलमधला विक्रम आहे. दहा वर्षांनी रिचमंडचं तेच. २०१६ मध्ये तेरावा क्रमांक, बोर्ड उलथवायला विरोधी गट उभा. अध्यक्ष पेगी ओ'नील जागच्या हलल्या नाहीत, कोच डेमियन हार्डविकही राहिला. कारभाराला आणखी एक माणूस आणला. कोण? नील बाम. २०१७ मध्ये ३७ वर्षांनी कप, मग २०१९, मग २०२०. बाम जादूगार होता असं मला म्हणायचं नाही. ओरड चालू असताना दोन्ही बोर्डांनी नेमकं काय बिघडलंय ते आधी शोधलं, इतकंच.

याला अपवाद आहे आणि तो दडवणं बरं नव्हे. २०२१ मध्ये १७ वा आलेल्या कॉलिंगवुडने क्रेग मॅक्रेला आणलं आणि २०२३ मध्ये कप जिंकला. बदल कधीकधी लागू पडतो. दर तीन वर्षांनी बदलायचा म्हटलं तर मात्र कुठला लागू पडला हे कळणार कसं?

राहिला चौथा दावा, लीगच्या ऑफिसचा. लीग काही क्लबांना झुकतं माप देते, यात शंका नाही. सिडनी आणि क्वीन्सलँडच्या क्लबांना पोरं घडवायच्या स्वतःच्या अकादमी आहेत. बापाच्या क्लबात मुलाला आधी घेता येतं, त्यामुळे ब्रिस्बेनला ॲशक्रॉफ्ट बंधू मिळाले. त्यांतल्या विलने २०२४ आणि २०२५ या दोन्ही जिंकलेल्या ग्रँड फायनलांमध्ये सर्वोत्तम खेळाडूचं पदक घेतलं. पण अकादमी असूनही सिडनी २०१४, २०१६, २०२२, २०२४ अशा चार ग्रँड फायनल हरली. आणि ब्रिस्बेनही आधी काय होतं? २०१३ च्या अखेरीस पाच तरुण खेळाडू एकदम निघून गेले होते. २०१७ ला लाकडी चमचा. तेव्हा कोच होता ख्रिस फेगन, स्वतः या लीगमध्ये एकही सामना न खेळलेला. त्याला कुणी काढलं नाही. उलट निवृत्त झालेल्या ल्यूक हॉजला दोन मोसमांसाठी आणलं, बचावातल्या पोरांच्या शेजारी उभं राहून मैदानावरच शिकवायला. २०१९ मध्ये ते गुणतक्त्यात दुसरे होते.

आणि लीगच्या ऑफिसातच सगळं ठरत असतं तर गोल्ड कोस्ट सन्सएवढं लाडकं लेकरू दुसरं नव्हतं. लीगनेच जन्माला घातलेला क्लब. २०१० च्या ड्राफ्टमधले पहिले तिन्ही पिक आणि पुढचेही बरेच यांना. शिवाय गॅरी ॲब्लेट ज्युनियर हा तेव्हाचा बडा खेळाडू. पण सुरुवातीची वर्षं कारभार तात्पुरत्या केबिनांतून, आणि पोरांना वळण लावायला जाणती माणसं मोजकी. त्या ड्राफ्टमधले डिऑन प्रेस्टिया, टॉम लिंच आणि जॉश कॅडी पुढे कप जिंकले, तिघंही रिचमंडच्या पिवळ्या-काळ्या जर्सीत.

२०१० चा पहिला पिक डेव्हिड स्वॉलो मात्र तिथेच राहिला. सन्सना पहिल्यांदा फायनल्स गाठायला २०२५ उजाडलं, तेही रिचमंडहून आलेल्या हार्डविकच्या हाताखाली. पर्थमध्ये फ्रीमॅन्टलविरुद्ध सामना अगदी शेवटी बरोबरीत होता. निवृत्ती जाहीर केलेल्या स्वॉलोने किक मारली. गोल झाला नाही, चेंडू बाजूच्या खांबांतून गेला. बिहाइंड, एक गुण. सन्स एका गुणाने जिंकले.