इच्छा नाही, पण आपला आग्रह असेल तर

आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या चार भिंतींपलीकडे, म्हणजे धर्मप्रांताच्या परिषदेवर, सिनडवर (चर्चचा कारभार ठरवणाऱ्या सभेवर) किंवा निदान एखाद्या आयोगावर आपली वर्णी लागावी असे आपणांस मनापासून वाटत असेल, तर ही गोष्ट सर्वप्रथम कोणालाही सांगू नये. अध्यक्षाच्या कामाची आकांक्षा धरणारा चांगल्या कामाची आकांक्षा धरतो, असे बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे, हे खरे. परंतु ते वचन अभ्यासवर्गात शिकवण्यासाठी आहे, नामनिर्देशनाच्या अर्जावर लिहिण्यासाठी नव्हे.

उघडपणे मागणाऱ्यांचे काय होते, हे जब्दीच्या मुलांवरून शिकावे. याकोब आणि योहान या शिष्यांनी येशूच्या राज्यात त्याच्या उजवी-डावीकडची आसने मागितली आणि उरलेले दहा शिष्य संतापले. त्या दहांना ती आसने नको होती, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. उलट, आपल्यात श्रेष्ठ कोण हा वाद शेवटच्या भोजनाच्या रात्रीही चालू होता, अशी नोंद शुभवर्तमानकार लूक करतो. मार्काच्या सांगण्यानुसार ही मागणी मुलांनी स्वतः केली, तर मत्तयाच्या सांगण्यानुसार त्यांच्या आईने; यावरून आपले नाव दुसऱ्याच्या तोंडून पुढे आणण्याची रीत किती जुनी आहे ते ध्यानी येते. तेव्हा आपणही एखादा हितचिंतक आधीच तयार ठेवावा, त्याने सभेत नाव सुचवताच चकित व्हावे, आणि ‘मी या योग्यतेचा नाही, पण प्रभूची इच्छा असेल तर’ एवढे म्हणून मान खाली घालावी. प्रभूची इच्छा काय आहे, याचा अंदाज मतदारांच्या यादीवरून आपण पूर्वीच घेतलेला असेल.

आढेवेढे किती घ्यावेत, याला मात्र मर्यादा आहे. मिलानच्या लोकांनी ३७४ मध्ये बाप्तिस्माही न झालेल्या प्रांताधिकारी अँब्रोझला बिशप करण्याचा घोष सुरू केला, तेव्हा त्याने आपली बदनामी व्हावी म्हणून बदनाम स्त्रियांना उघडपणे घरी आणवले आणि तेही साधेना तेव्हा रात्री पळ काढला, असे त्याचा चरित्रकार सांगतो. इतका प्रामाणिक नकार आज देऊ नये. लोक तो खरा मानण्याचा धोका असतो.

ज्यांना खरोखरच ही जबाबदारी नको आहे, त्यांनीही ‘नाही’ हा शब्द वापरू नये. ‘होय तर होय, नाही तर नाही’ ही आज्ञा शपथांविषयीच्या प्रकरणात आहे, समित्यांविषयीच्या नव्हे, असा खुलासा आपल्याला करता येईल. ‘प्रार्थना करून कळवतो’ असे म्हणावे आणि कळवू नये. इस्राएलांना मिसरातून बाहेर काढण्याचे काम देवाने सांगितले असता मोशेने जळत्या झुडपासमोर एकामागून एक सबबी सांगितल्या व शेवटी दुसऱ्या कोणाला पाठव असे सरळ म्हटले, तेव्हा परमेश्वराचा राग भडकला; नामनिर्देशन समितीला राग येत नाही, ती फक्त पुढच्या नावाकडे वळते.

पुढचे नाव कोणाचे असते, हे बायबलमधील शास्त्यांच्या पुस्तकातील योथामाने एका दृष्टांतात सांगून ठेवले आहे. झाडे राजा शोधायला निघाली. जैतुनाला तेल सोडवेना, अंजिराला गोडी सोडवेना, द्राक्षवेलीला रस सोडवेना. तिघांचीही कारणे सात्त्विक होती. मग काटेरी झुडपाला विचारले, आणि त्याने तत्काळ आपल्या सावलीत येण्याचे निमंत्रण दिले, न आल्यास लबानोनचे गंधसरू जाळण्याची धमकीही दिली. काटेरी झुडपाला सावली नसते, हे त्या वनात सर्वांना माहीत असणार; परंतु कोणी बोलल्याची नोंद नाही, आणि आपणही तो पायंडा मोडू नये. शिफारसपत्र मागितले गेल्यास ‘त्यांची उपस्थिती सर्वांना जाणवते’ असे लिहावे. काट्यांविषयी हे खोटे ठरत नाही.

खरे बोलायचेच झाले, तर ते सभेनंतर जिन्यात, हलक्या आवाजात आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो निघून गेल्यावर बोलावे. अंत्युखियात पौलाने केफाला, म्हणजे पेत्राला, सर्वांसमोर तोंडावर सुनावले, पण पौलाला सिनडवर निवडून यायचे नव्हते. आपल्या या जिन्यातल्या संभाषणाला ‘प्रीतीने सत्य बोलणे’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यातील प्रीती नेमकी कोणावर, हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते.

इतके करून आपण निवडून आलात की आपल्याही सभेत एखादा मीखाया संदेष्टा उभा राहील. चारशे संदेष्टे इस्राएलाचा राजा अहाब याला ‘चढाई कर, विजय तुझाच’ असे एकमुखाने सांगत असताना हा एकटाच पराभव दिसतो म्हणाला. बोलवायला आलेल्या दूताने तर त्याला वाटेतच, इतरांसारखे चांगले बोल, अशी मैत्रीपूर्ण सूचना दिली होती. अहाबाने त्याला तुरुंगात टाकले, हे रानटीपणाचे होते. आपण त्याला घटनादुरुस्ती उपसमितीचा निमंत्रक नेमावे आणि त्याच्या अहवालावर ‘नोंद घेण्यात आली’ असा ठराव करावा. अहाब त्या लढाईत मेला खरा. परंतु त्या चारशेंपैकी कोणाला नंतर माफी मागावी लागली असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही, तेव्हा आपण त्यांच्या रांगेत निश्चिंतपणे बसावे.