झोका बांधायला एक निंब दाखवा

या आखाजीला सुरतहून बहीण आली, सोबत आठ वर्षांची भाची. खान्देशातल्या कितीतरी माहेरवाशिणी हल्ली सुरतहूनच येतात, त्यात नवल नाही. पण पोरीला आईने वर्षभर झोक्याच्या गोष्टी सांगून ठेवलेल्या. रिक्षातून उतरली, पाणीसुद्धा प्यायली नाही, म्हणाली, "मामा, झोका कुठे बांधलाय?"

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. अक्षय तृतीयेला बाकीकडे लोक सोनं घेतात, आमच्याकडे बायका झोका घेतात. सासरहून आलेल्या लेकी, त्यांच्या मैत्रिणी, साठीच्या मावश्या, सगळ्या. भर वैशाखात निंबाच्या जाड फांदीला दोर, त्यात पाट, आणि गाणी. तिकीट नाही, उद्घाटन नाही, नामफलक नाही. साहित्य दोनच लागतं: एक दोर आणि एक मोठं झाड.

दोर घरात होता.

तो खांद्यावर टाकून मी कॉलनीत फिरलो. चौसष्ट प्लॉट आहेत आमच्याकडे. झाडं नाहीत असं नाही. दारापुढे अशोक आहेत, विजेच्या खांबासारखे सरळ. दोन-तीन बंगल्यांपुढे पाम आहेत. एका गुलमोहराची फांदी मागच्या वळवाच्या पावसात मोडून स्कूटरवर पडली, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा भरवसा नाही. शेवटी ओपन स्पेसला, म्हणजे कॉलनीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेला गेलो. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला रोहित्राची डीपी, डोक्यावरून तारा, आणि मधे निमुळता होत गेलेला त्रिकोण. त्यात बाभळी, बांधकामाचा उरलेला मुरूम आणि कोणीतरी हौसेने लावलेले तीन कोनोकार्पस. (शेजारच्या गुजरातने २०२३मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. आमच्याकडे नर्सरीत अजून "लवकर वाढतं, पाणी लागत नाही" असं सांगून देतात.)

मी दोर हातात घेऊन उभा, आणि ओट्यावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "निंब तं तुम्हीनच तोडा ना, भाऊ."

निंब आम्हीच तोडला, खरं आहे. कुऱ्हाड मी मारली नाही, पण तो त्रिकोण मी काढलाय.

मी सिव्हिल ड्राफ्ट्समन. पंचवीस वर्षं लेआउट, म्हणजे शेताचे प्लॉट पाडायचे नकाशे काढतोय, आधी ट्रेसिंग पेपरवर, आता कॉम्प्युटरवर. शेतमालक सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन येतो. टेबलापुढे बसल्यावर पहिला प्रश्न, "भाऊ, किती प्लॉट बसतील?" आजवर एकाही माणसाने "मुलं कुठे खेळतील?" असं विचारलेलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. आधी रस्ते पडतात. मग कॉर्नरचे प्लॉट, कारण त्यांना भाव जास्त. मग आतले. सगळ्यात शेवटी जे वेडंवाकडं उरतं, ज्यात चौकोनी प्लॉट बसत नाही, त्याला हिरवा रंग द्यायचा. हाच तो ओपन स्पेस. नियमात लांबी-रुंदीचं प्रमाण असतं, ते कागदावर कसं बसवायचं हे आम्हा लोकांना येतं. त्याचेच पैसे घेतो आम्ही.

नियम तसा वाईट नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडायची. २०२०च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली तिच्यातही हे आहे, आणि आधीही होतं. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर, चाळीस गुंठे. म्हणून काही हुशार मंडळी भावा-भावात वाटणी दाखवून अडतीस अडतीस गुंठ्यांचे तुकडे आणतात. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली, मोकळी जागा शून्य. असेही नकाशे माझ्या टेबलावरून गेलेत. गेले म्हणजे मीच काढले.

बरं, दहा टक्के प्रामाणिकपणे सोडले तरी किती होतात? पाच एकरांत साधारण २०,००० चौरस मीटर. दहा टक्के म्हणजे २,०००. रस्ते वजा जाऊन शंभरेक प्लॉट बसतात. घरटी साडेचार माणसं धरली तर माणशी साडेचार चौरस मीटरच्या आतच. केंद्र सरकारच्या २०१४च्या नगर नियोजन मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. उरलेली जागा कुठून यायची? तर शहराच्या विकास योजनेतल्या आरक्षणांतून. इथे 'उद्यान', तिथे 'क्रीडांगण', नकाशावर हिरवे ठिपके.

या ठिपक्यांचं पुढे काय होतं ते एकदा समजून घ्या, कारण गावात याबद्दल गैरसमज फार. लोक म्हणतात, "नगरसेवकाने बाग खाल्ली." तो खातही असेल, पण बहुतेक वेळा कोणाला काही खावंच लागत नाही, नुसतं बसून राहिलं तरी चालतं. नगररचना कायदा १९६६चा. त्याचं कलम १२७ सांगतं की अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत (२०१५ आधी ही मुदत बारा महिने होती) संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपलं. जागा मोकळी. मग ती माझ्याकडे येते, प्लॉट पाडायला.

आणि मालकाला तरी कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? दहा-दहा वर्षं त्याला ती जमीन ना धड विकता येते ना बांधता येते. मुलीचं लग्न, मुलाची फी, सगळं अडलेलं. पालिकेकडे मोबदला द्यायला पैसे नसतात, आणि टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा विकता येणारा हक्क, देतो म्हटलं तर आमच्यासारख्या दोन मजली गावात तो कोण विकत घेणार? मुंबई-पुण्यात चालणारं नाणं आहे ते.

पालिकेकडे पैसे का नसतात यालाही कारण आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायच्या अठरा विषयांत बागा आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. पण आपल्या राज्याच्या महानगरपालिका अधिनियमात आणि नगरपरिषदांच्या १९६५च्या कायद्यात बाग ऐच्छिक कामांत बसते. दिवाबत्ती, गटार, पाणी बंधनकारक. बाग जमली तर. ज्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तिथे बागेला पाणी मागणारा माणूस वेडाच ठरतो.

तरीही अधूनमधून निधी येतो, आणि तेव्हा खरी गंमत सुरू होते. निधी वस्तूसाठी असतो. वॉल कंपाउंडला असतो, पेव्हर ब्लॉकला, हायमास्टला, ग्रीन जिमला असतो. वर्षाच्या आत खर्ची पडेल आणि फोटो निघेल अशा प्रत्येक गोष्टीला असतो. झाड पाच वर्षं जगवायला नसतो. माळ्याच्या पगाराला नसतो. आमच्या गावच्या मोठ्या बागेत लोखंडाची नि फायबरची रंगीत घसरगुंडी आहे. मे महिन्यात पारा ४४वर असतो, कधी पुढेही जातो. दुपारी बागेला कुलूप. पाचला उघडते तेव्हा घसरगुंडीला हात लावून बघा. साडेसहापर्यंत पोरं तिच्याकडे नुसतं बघत उभी असतात. सातला सूर्य मावळतो, आठला वॉचमन शिट्टी मारतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बाग मिळते ती जेमतेम दीड तास.

पुण्यातला नमुना इथे आणून ठेवला की असं होतं. खान्देशात बाग म्हणजे आधी सावली, मग बाकी. आणि संध्याकाळी सातनंतर रात्री दहापर्यंतची वेळ, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं घराबाहेर निघतात तीच तेव्हा. त्या वेळेला उजेड हवा, बायकांसाठी स्वच्छ मुतारी हवी, आणि पत्त्यांचा डाव टाकून बसलेल्या टोळक्याला उठवणारं कोणीतरी हवं. आमच्या कॉलनीतल्या बायका संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसतात. भक्तीचा भाग आहेच. पण त्यातल्याच एका ताई म्हणाल्या, "तिथे दिवा असतो हो."

ओट्यावरून आठवलं. ओपन स्पेस गिळण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी चौथरा, मग पत्र्याचं शेड, मग फरशी, मग कळस. किंवा निधीतून सामाजिक सभागृह, ज्याची चावी कोणाकडे असते ते कोणालाच माहीत नसतं. विरोध करणारा एक तर धर्माच्या विरोधात नाहीतर समाजाच्या विरोधात. मीही कधी केला नाही. लेआउट मंजूर करून घेताना मालकाने हमीपत्र दिलेलं असतं की ही जागा सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराची आहे. हे हमीपत्र शंभरातल्या पाच प्लॉटधारकांनीही पाहिलेलं नसतं. तुमच्या कॉलनीचा मंजूर नकाशा पालिकेतून माहिती अधिकारात काढा. त्यावर हिरवा तुकडा कुठे आहे ते बघा आणि मग तिथे जाऊन उभे राहा. काही जण कोणाच्या तरी पार्किंगमध्ये उभे असतील.

जळगावच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, आम्हाला मेहरूण तलाव आहे. आहे, आणि सुंदर आहे. पण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या बघा. ज्याच्याकडे गाडी त्याला तलाव. गुडघे दुखणारी आजी आणि सहा वर्षांचं पोर यांची बाग घरापासून हाकेच्या अंतरावर असते, नाहीतर ती नसतेच.

आणि जागा कुठे सोडायची याला एवढं महत्त्व का देतोय? धुळ्याला जा. १८१९च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात नवी वस्ती आखली गेली. त्या सरळ गल्ल्या आजही आहेत, पत्तेसुद्धा 'गल्ली नंबर ४', 'गल्ली नंबर ५' असेच. राज्य गेलं, घरं तीनदा पाडून बांधली, पण आखलेली रेघ दोनशे वर्षं हलली नाही. मी पेनाने काढतो ती रेघ तशीच राहणार आहे. माझा तो त्रिकोणसुद्धा.

आमची कॉलनी ज्या शेतावर उभी आहे त्या शेतात विहीर होती. विहिरीवर निंब होता, दोन माणसांच्या कवेत न येणारा. आजींना आठवतो तो हाच. मोजणीच्या नकाशात विहिरीचा गोल होता, झाडाची खूणच नव्हती. गोल नेमका चांगल्या प्लॉटांच्या मधे येत होता. विहीर बुजवली, निंब गेला. आज त्या जागी माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा बंगला आहे, आणि पाया खचतो म्हणून दर दोन वर्षांनी ते मला बोलावतात.

पंचवीस वर्षांत सुचली नाही अशी साधी गोष्ट त्या दिवशी दोर हातात असताना सुचली. खान्देशातल्या बहुतेक बागायती शेताला विहीर असते, आणि विहिरीवर निंब, चिंच किंवा आंबा असतोच, कारण मोट हाकणाऱ्याला आणि बैलाला सावली लागायची. पन्नास-साठ वर्षांची तयार सावली आणि खाली पाणी. शेत बिनशेती होताना आपण आधी ही सावली तोडतो, पाणी बुजवतो, मग नाल्याच्या कडेला गुडघ्याएवढी रोपं लावून टँकर मागवतो. ठिबक सिंचनासाठी नावाजलेल्या जिल्ह्यात! दहा टक्के द्यायचेच आहेत ना? मग ते त्या विहिरीभोवती द्या. विहिरीला कठडा आणि जाळी, झाडाला पार, चार बाक, एक दिवा. सरकारने नियमात एवढंच घालावं की जागेवर जुनी विहीर किंवा झाड असेल तर मोकळी जागा तिथेच. शहरी भागातल्या झाडांचा १९७५चा कायदा आहे, २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षणही मिळालं. फक्त आमच्या नकाशावर झाड खरंच दाखवलंय की नाही ते तपासा. जे नकाशात नाही ते तोडायला परवानगी कशाला मागायची, असं चालतं सगळं.

शहर विकास योजना साधारण वीस वर्षांनी नव्याने होते. प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती मागवतात. हरकती येतात त्या माझ्या अनुभवात दोनच प्रकारच्या: 'माझ्या जमिनीवरचं आरक्षण काढा' आणि 'माझ्या घरावरून रस्ता नको'. 'आमच्या गल्लीला बाग द्या' अशी हरकत मी एकदाही वाचलेली नाही.

झोक्याचं सांगायचं राहिलं. शेवटी स्टेशनरोडला बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात गेलो. वॉचमन ओळखीचा. आत चार मोठे निंब आहेत, जिन बंद असल्यामुळेच वाचलेले. दोर बांधला. तासाभरात बातमी कॉलनीत पोचली आणि बायका येऊ लागल्या. त्या आजीही आल्या, बसल्या झोक्यावर, आणि नातसुनेने मागून जोर दिला तेव्हा अशी किंकाळी फोडली की वॉचमन धावत आला. रात्री साडेदहापर्यंत रांग होती. भाचीचा नंबर सहा वेळा लागला. ती जागाही विकायची बोलणी चालू आहेत असं ऐकतो.

सध्या माझ्या टेबलावर साडेतीन एकरांचा लेआउट आहे. मधोमध विहीर, विहिरीवर चिंच. मालकाला मी या वेळी दोन नकाशे दिले. एकात हिरवा तुकडा नाल्याकडे, नेहमीसारखा. दुसऱ्यात चिंचेभोवती, चौकोनी, चारही बाजूंनी रस्ता. दुसऱ्यात चार प्लॉट कमी पडतात.

मी म्हटलं, "आप्पा, बागेसमोरच्या प्लॉटला भाव जास्त येईल."

"किती जास्त?"

आकडा माझ्याकडे नव्हता. त्यांनी दोन्ही नकाशांची गुंडाळी केली, मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत खोचली, आणि म्हणाले, "ही अमावास्या जाऊ द्या भाऊ, मग सांगतो."